सांदीत उतरताना

डोंगर चढणं हे आपलं काम नव्हे असं आपल्यातच पुष्कळांना वाटतं. वस्तीतला एक जुना कार्यकर्ता मला तोंडावर म्हणाला, "कविता करतोस ते ठीक. पण दऱ्या हिंडायची ही चैन कुणाच्या जिवावर रे?" माझ्याच जिवावर, मी म्हणालो. एक सुट्टी, एक बिनपगारी रजा, जीपचं भाडं, सगळं माझं. पण त्याचा प्रश्न असा झटकून टाकण्यासारखा नाही. म्हणून हे लिहितोय.

माझ्या आजीनं घाट किती वेळा चढला-उतरला त्याची मोजदाद नाही. डोक्यावर गवताचा भारा, पायात काही नाही. तिला कुणी ट्रेकर म्हटलं नाही, फोटो काढला नाही. आपल्या लोकांनी डोंगर पाहिला नाही असं नाही. ओझ्याखालून पाहिला, म्हंजे फक्त पुढची पायरी पाहिली. मान वर करून पाहायचं राहिलं.

आणि हा फत्तर फोडला कुणी? बोरघाटातून रेल्वे गेली ती १८६३ साली, २५ बोगदे पाडून. थळघाटातली १८६५ साली. बर्कले या इंजिनियराचं नाव पुस्तकात सापडतं. जी माणसं सुरुंगानं उडाली, पटकीनं पालात मेली, त्यांची नावं शोधून दाखवा. उलट नाशिकला त्रिरश्मीच्या लेण्यांत जा, ज्याला लोक खुशाल पांडवलेणी म्हणतात. तिथं उषवदाताचा शिलालेख आहे. हा नहपान राजाचा जावई. त्यानं ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं ठेवले. एकीकडं २०००, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं १०००, पाऊण टक्क्यानं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवराचे पैसे. राजाचा जावई विणकरांकडं पैसा ठेवतो आणि ते कातळात कोरून ठेवतो! आज मला पतपेढी चार हजार द्यायला दोन जामीन मागते. तेव्हा याच काळ्या दगडात आमच्या धंद्याचं नाव अठराशे-एकोणीसशे वर्षांपासून आहे. त्या दगडात मी शिरलो तर ती घुसखोरी कशी होईल?

शिरलो ती दरी सांदण. अकोले तालुका, साम्रद गाव, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. शेवटच्या लोकलनं कसारा, तिथून जीप. इगतपुरी, घोटी, शेंडी, मग भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून साम्रद. जीपमध्ये आम्ही नऊ जण, मी फक्त एकाला ओळखत होतो. बाकीच्यांत एकानं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "गावात नेमकं कुठं?" दोस्तहो, हा तिसरा प्रश्न तुम्हांला ठाऊक आहे. मी म्हणालो, गावकुसाबाहेर. इगतपुरी येईस्तोवर जीपमध्ये कुणी बोललं नाही.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्यापुढं शाळेच्या पुस्तकातलं चित्र येतं. शंकूसारखा डोंगर, टोकातून धूर. आपल्याकडं झालं ते वेगळं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन लांबलांब भेगांतून फाटली आणि तापलेला रस नुसता पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, लाखो वर्षं. आज उरलेला पसारासुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. दोन थरांच्या मधे कुठं तांबडा पट्टा दिसतो. तिथं काम थांबलं होतं, वरचा दगड झिजून त्याची माती झाली होती, आणि मग पुढचा रस येऊन तिला भाजून गेला. थरावर थर म्हटलं की आपल्याला भलतीच उतरंड आठवते. पण दगडाला कशाला दोष द्या. इथं वरचा थर हा फक्त शेवटी आलेला असतो.

रस निवताना आकसतो आणि आकसताना तडकतो. भूगर्भवाले त्या तड्यांना सांधे म्हणतात. वाचलं तेव्हा हसू आलं. आमच्या रिंग फ्रेमवर सांधा म्हंजे तुटलेला धागा जोडणं. दिवसभर मी तेच करतो. धागा तुटला की बोटानं टोक धरायचं, जोडायचं, पुढं सरकायचं. दगडाचा सांधा नेमका उलटा, तो आहे म्हणून दगड फुटतो. त्यात पाणी शिरतं, पावसाळ्यामागून पावसाळे खरवडत राहतं, आणि सांदीची घळ होते. सह्याद्रीच्या कड्याला अशा घळी आणि नाळा ढिगानं आहेत. सांदण त्यांतली लांब आणि अरुंद. दोनेक किलोमीटर लांब, कडे दोनशे फुटांच्या आसपास, आणि काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतात.

वरून काहीच कळत नाही. साम्रदच्या माळावर तुम्ही चालत असता आणि जमीन अचानक पायाखाली चिरलेली असते. आत गेल्यावर थोड्याच अंतरावर पाणी. पहिला डोह गुडघ्याएवढा, दुसरा आम्हाला छातीला लागला. बर्फासारखा गार, कारण ऊन तिथं पोचत नाही. पिशवी डोक्यावर धरून निघालो. आजीची आठवण आली ती तिथं. पुढं नुसते धोंडे. घराएवढे, गाडीएवढे, आणि मधेमधे मुठीएवढे, आणि हेच लबाड. पाय टेकायच्या आधी दगड हलवून बघायचा. दोन पाय आणि एक हात टेकलेला असला तरच चौथा अवयव सोडायचा. गिरणीत चालत्या मशीनजवळ हात कुठं आहे याचं भान ठेवायची सवय असते, ती इथं उपयोगी पडली. आमच्यातला एक कॉलेजवाला उड्या मारत पुढं गेला आणि घोटा धरून बसला.

मग एका जागी दरी संपते. म्हंजे संपत नाही, खाली पडते. चाळीस-पंचेचाळीस फूट. पुढं आणखी दोन टप्पे, त्याहून लहान. इथं दोर लागतो. दोर बांधणारी पोरं साम्रदचीच, महादेव कोळी नि ठाकर समाजाची. बोल्ट तपासला, हार्नेसचा पट्टा ओढून पाहिला, आणि त्यातल्या मोठ्यानं मला एवढंच विचारलं, "वजन किती रं दादा?" त्या दिवसात माझ्याबद्दल विचारलेला एवढा एकच प्रश्न कामाचा होता.

रॅपलिंग करताना दरीकडं पाठ करून उभं राहायचं आणि मागं रेलायचं. शरीर नको म्हणतं. पोटात गोळा येतो, मांड्या थरथरतात. मी खोटं लिहीत नाही, मला भीती वाटली. पण भीती आपल्याला नवी आहे का? पाटलाची भीती, मुकादमाची भीती, रात्री वस्तीवर येणाऱ्या जमावाची भीती. ती सगळी कुणीतरी आपल्यावर घातलेली. ही मी एका दिवसाचा पगार बुडवून, स्वतःच्या पायांनी चालत येऊन घेतलेली. तिचं काय करायचं हे माझ्या हातात होतं, आणि हात दोरावर होता. कार्यकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असेल तर ते हे आहे. त्याला ते पटलेलं नाही.

आडनाव विचारणारा माझ्यानंतर उतरला. खाली दोर धरायची पाळी माझी होती. मी धरला. तो उतरला, "थँक्स" म्हणाला. आमच्यात त्याहून जास्त काही बदललं नाही, आणि बदललं असं मी लिहिणारही नाही.

रात्र दरीच्या तोंडाशी काढली, समोर बाण सुळका. दुसऱ्या दिवशी करोलीच्या घाटानं परत वर. हा उतरण्याहून अवघड वाटला. सुकलेल्या ओढ्यातून चढ, घसारा, आणि मधेच उभा कातळ. काळा फत्तर कोरडा असला तर बोटांना धरतो, शेवाळलेला असला तर साबण. एका जागी कातळाला कपार अशी मिळेना. दगडातल्या भोकांत दोनदोन बोटं घालून शरीर वर ओढलं. त्या भोकांत पांढरे खडे चमकत होते, लाव्ह्यातल्या वायूच्या फुग्यांत नंतर जमलेले. शहरात दुकानांत काचेमागं ठेवतात तसे. मी काढले नाहीत.

वर आल्यावर बायका हंडे घेऊन चालताना दिसल्या. साम्रद ही पाण्याच्या वाटणीची जागा. इथला पाऊस सांदणीतून कोकणात जातो, नाहीतर प्रवरेतून पूर्वेला. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. ते पाणी खाली कालव्यांनी उसाला जातं. ज्यांच्या डोंगरावर ते पडतं त्यांच्या बाया हंडे वाहतात, आणि आम्ही हौसेनं छातीभर पाण्यातून चालून आलेलो. जीपमधले लोक त्यांचा फोटो काढू लागले. दोर बांधणाऱ्या पोरानं एका म्हातारीचा हंडा घेतला, मी दुसरीचा. घरापर्यंत चाललो. तिनं आत बोलावलं, काळा चहा दिला. त्याच पेल्यात, ज्यात ती स्वतः प्यायली.

दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे. पावसाळ्यात कुणी तिथं जायचा विचारसुद्धा करू नये. वर कुठं ढग फुटला तर खाली घळीत पळायला जागा नाही. महागडे बूट लागत नाहीत, रबरी तळव्याचे बाजारातले चालतात, फक्त तळवा गुळगुळीत झालेला नको. दोन लिटर पाणी, भाकरी, बॅटरी, कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून. दोर गावच्या पोरांचाच घ्यायचा आणि पैशात घासाघीस करायची नाही. या वेळी जीप आपली करू. नऊ जागा आहेत, दोन भरल्या. त्यातली एक त्या कार्यकर्त्याची. येतो म्हणालेला नाही, पण वजन विचारून ठेवलंय.