मधला आर

‘इंग्रजीत बाईमाणसाला काय म्हणावं, यावर काहीतरी हलकंफुलकं द्या,’ असं संपादक म्हणाले. पाबळ आणि आसपासच्या गावांत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मला या विषयात हलकं काही सापडत नाही. मुलं अजूनही अर्जात ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ लिहितात आणि दोहोंतलं एकही खोडत नाहीत. ‘मिसेस सुनीता’ तर सर्रास. मिसेसपुढे आडनाव येतं, असं मी सांगते. मुलं माना डोलावतात आणि पुढच्या अर्जात पुन्हा मिसेस सुनीता!

मिस म्हणजे कुमारी, मिसेस म्हणजे सौ., हा समज तर कुणाच्या डोक्यातून निघत नाही. इथे थोडं खोलात जाते, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

दोन्ही शब्द ‘मिस्ट्रेस’चे तुकडे. मिस्ट्रेस म्हणजे मालकीण, मग ती घराची असो की दुकानाची. उच्चारात कुठेच नसलेला आर ‘मिसेस’च्या स्पेलिंगमध्ये बसलाय तो तिथून आलेला. या मिसेसचा संबंध लग्नाशी नव्हता, ऐपतीशी होता. ग्रीकमधून एपिक्टेटसचं भाषांतर करणारी एलिझाबेथ कार्टर जन्मभर बिनलग्नाची राहिली, तरी ती मिसेस कार्टरच. मिस म्हणायचं लहान मुलींना. मोठ्या अविवाहित बायका मिस होऊ लागल्या त्या अठराव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे १७४० साली आमच्या पाबळची मस्तानी गेली त्याच्या आगेमागे. (पेशव्यांच्या घरात राधाबाई, काशीबाई, आणि पुस्तकांत, सिनेमात ही मात्र नुसती मस्तानी. आपली ‘बाई’सुद्धा ऐपत बघूनच लागते. पण तो वेगळा लेख.) लग्नाचा शिक्का मिसेसवर नंतर बसला. तो नको म्हणून ‘मिझ’ आलं, एम आणि एस एवढंच. १९०१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्राने ते सुचवलं, साठच्या दशकात शीला मायकल्सने उचलून धरलं, आणि ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने १९८६ पर्यंत दारातच उभं ठेवलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, हे मला ठाऊक आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात एका बचत गटाच्या अध्यक्ष माझ्याकडे आल्या. पुण्यातल्या एका व्यापाऱ्याला मसाल्याच्या ऑर्डरबद्दल इंग्रजीत पत्र पाठवायचं होतं. जुन्या पत्रात त्यांच्या नावापुढे मिसेस होतं. मी मोठ्या तोऱ्यात मिझ केलं आणि प्रिंट हातात दिली. त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

‘बाई, ह्यातला आर काढला का वं तुम्ही?’

‘हो, आता असंच लिहितात.’

‘मालक गेलं म्हणून?’

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले, हे मला माहीत होतं. पत्र लिहिताना ते मनातही आलं नव्हतं. मी स्प्रिंगफील्डपासून सुरुवात केली. त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

आपल्याकडे नवरा गेला की ‘सौ.’ त्याच दिवशी पुसलं जातं. ‘श्रीमती’ सगळ्यांसाठी आहे असं सरकार कितीही म्हणो, लग्नपत्रिकेत श्रीमती दिसलं की लोक समजायचं ते समजतात. २०२३ मध्ये विधवांच्या नावापुढे ‘गंगाभागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव खुद्द महिला व बालविकास मंत्र्यांकडून आला आणि गदारोळ झाला. इंग्रजीत मात्र नवरा गेला तरी बाई मिसेसच राहते. जुन्या रिवाजात तर त्याच्या नावानिशी राहते. म्हणजे ज्या शब्दाला मी वर्गात वर्षानुवर्षं नावं ठेवली, त्याने या बाईंचं काहीच हिरावलं नव्हतं. हिरावलं ते माझ्या पुढारलेल्या शब्दाने. निदान त्यांना तसं वाटलं, आणि नाव त्यांचं होतं.

‘मग असू द्या की तो आर,’ त्या म्हणाल्या.

मिझच बरोबर, हे माझं मत आजही आहे. पण दुसरी प्रिंट काढायला वीज नव्हती. मी बॉलपेनने एम आणि एसच्या मध्ये आर घातला आणि पत्र तसंच गेलं.