पॅकिंगचे पैसे वेगळे

दिवाळी जवळ आली की आमच्या बऱ्याचशा ऑर्डरी वेबसाइटवरून येतच नाहीत. त्या फोनवर येतात, व्हॉट्सॲपवर येतात, कुणाच्या तरी मावशीच्या निरोपातून येतात. "दोन किलो चिवडा, एक किलो बेसनाचे लाडू, अर्धा किलो भाजणीच्या चकल्या, आणि हे सगळं लेकाला लंडनला पाठवायचंय," एवढं सांगून माणूस मोकळा होतो. मग ती ऑर्डर मी आमच्या ऑनलाइन स्टोअरच्या ॲडमिनमध्ये हाताने भरते आणि त्यांना पैसे भरायची लिंक पाठवते. फराळ सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी करतात. वेबसाइट, हिशेब आणि पार्सलं माझ्याकडे. अशा मॅन्युअल ऑर्डरींवर पॅकिंग, कुरिअर वगैरे जादा आकार लावताना मी ज्या चुका केल्या, त्या इथे लिहिते आहे. त्यांतल्या काहींची झळ गिऱ्हाइकांना बसली. ती गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

पहिली चूक गृहीत धरण्याची. चेकआउटला पॅकिंगचा आकार आपोआप लागावा म्हणून एका ओळखीच्या मुलाकडून मी कोडचा छोटा तुकडा लिहून घेतला होता. वेबसाइटवर तो नीट चालत होता, म्हणून ॲडमिनमधूनही चालत असणार असं मी धरून चालले. आमचं स्टोअर वूकॉमर्सवर आहे. त्यात असा आकार कार्टची बेरीज होताना लागतो, आणि ॲडमिनमधून भरलेली ऑर्डर कार्टमधून जातच नाही, ती थेट तयार होते. त्यामुळे फोनवरच्या सगळ्या ऑर्डरींवर पॅकिंग शून्य लागत होतं. खोकी, बबल रॅप आणि झिपच्या पिशव्या यांचं बिल आलं, ते जमा झालेल्या पॅकिंगशी जुळेना, तेव्हा कुठे मी एक जुनी ऑर्डर उघडून ओळ न् ओळ वाचली. एक खोटी ऑर्डर स्वतःच्या नावाने भरून पाहिली असती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

मग मी आकार हाताने टाकायला लागले. ऑर्डरमध्ये 'ॲड फी' हे बटण असतं. त्यात नुसती रक्कम लिहिता येते, नाहीतर टक्केवारी. मी '5%' लिहायचे. ही टक्केवारी कशावर मोजली जाते याचा विचार मी केला नव्हता. त्या क्षणी ऑर्डरची जी एकूण बेरीज असेल तिच्यावर ती मोजली जाते, आणि निघालेली रक्कम तिथेच गोठते. नंतर दोन वस्तू वाढवल्या तरी आकार तोच राहतो. एकाच सोसायटीतल्या दोन जावांनी अगदी एकसारखी ऑर्डर दिली होती. कर बाजूला ठेवून सांगायचं तर माल 1,800 रुपयांचा आणि कुरिअर 600 रुपये. एकीच्या ऑर्डरमध्ये मी पॅकिंग आधी टाकलं आणि कुरिअर नंतर, दुसरीच्या उलट. पहिलीला पॅकिंग 90 रुपये लागलं आणि दुसरीला 120. दोघींनी बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि धाकटीने फोन केला, "ताई, माझं खोकं मोठं होतं का हो?" नव्हतं. 30 रुपये लगेच परत केले, पण तिच्या आवाजात जो संकोच होता तो माझ्यामुळे होता. विचारावं की नाही, असं तिला वाटलं होतं.

टक्केवारी सोडली आणि आकार पुन्हा आपोआप लागावा असा बेत केला. या वेळी कोड मीच इकडून तिकडून जमवला: ऑर्डरची बेरीज झाली की पॅकिंगची ओळ घाल. ऑर्डर भरताना 'रिकॅल्क्युलेट' आपण अनेकदा दाबतो. पत्ता बदलला की दाबतो, कुरिअर बदललं की दाबतो, आणि दर वेळी पॅकिंगची एक नवी ओळ वाढत होती. ओळ आधीपासून आहे का हे तपासूनच नवी घालायची, एवढी एक अट मी विसरले होते. ही चूक लवकर सापडली, कारण ती डोळ्यांना दिसणारी होती. तरी तोवर काही जणांनी दुप्पट पॅकिंग भरलं होतं, आणि त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. आपल्यावर विश्वास टाकणारा माणूस बिल तपासत नाही, म्हणूनच ते आपण जास्त काळजीने तपासायला हवं होतं.

ओळीला नाव न देणं ही मला आधी चूकच वाटली नव्हती. काही लिहिलं नाही तर बिलावर नुसतं '₹350.00 फी' असं छापून येतं. मला ठाऊक होतं ते कशाचे. नाशिकच्या एका काकूंना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "हे साडेतीनशे कसले गं?" आणि उत्तर द्यायला मलाच ऑर्डरमधल्या टिपा चाळाव्या लागल्या. लाकडी पेटीचे 200 आणि तातडीच्या डिलिव्हरीचे 150 मी एकाच ओळीत घातले होते. आता प्रत्येक आकाराची ओळ वेगळी असते आणि तिचं नाव मराठीत पूर्ण लिहिलेलं असतं.

सगळ्यात वाईट झालं ते परदेशी पार्सलांत. विमानाने जाणाऱ्या पार्सलाचं वजन दोन तऱ्हांनी मोजतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे 5,000 ने भागायचं. दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे. पातळ पोह्यांचा चिवडा आणि चकली या बाबतीत फार महाग पडतात, कारण वजन कमी आणि जागा भरपूर. आमचं मधलं खोकं 40 बाय 30 बाय 30 चं. त्याचे 7.2 किलो धरले जातात, आणि कुरिअरवाले पुढच्या अर्ध्या किलोला नेऊन साडेसात करतात. काट्यावर तेच खोकं साडेचार किलो भरतं. लाडवांचं गणित वेगळं, तिथे काटाच जिंकतो. मी सगळ्या ऑर्डरींना काट्याच्या वजनाने कुरिअर लावत होते आणि पैसे भरून झाल्यावर पार्सल काउंटरवर नेत होते. तिथे तीन किलोंचा फरक निघायचा.

तो फरक मागायचा कसा? पैसे आले की ऑर्डर 'प्रोसेसिंग'मध्ये जाते आणि तिच्यातल्या ओळी बदलता येत नाहीत. मी स्थिती मागे नेऊन 'पेंडिंग पेमेंट' केली, फरकाची ओळ घातली आणि तीच लिंक पुन्हा पाठवली. लिंक फक्त फरक मागेल अशी माझी समजूत होती. ती मागत होती सगळी रक्कम. आधी भरलेल्या पैशांची वजाबाकी ती करत नाही. एका आजोबांनी नातवंडांच्या फराळाचे पूर्ण पैसे दुसऱ्यांदा भरले. त्यांना वाटलं पहिल्या वेळी गेले नसतील, आणि आपल्यामुळे पार्सल अडकायला नको. संध्याकाळी बँकेच्या नोंदी पाहताना मला ते दिसलं. मी लगेच रिफंड टाकला, पण तो त्यांच्या खात्यात पोहोचायला काही दिवस गेले, आणि त्या दिवसांत ते माझी समजूत काढत होते. मी त्यांना फोन करून साधं सांगायला हवं होतं की वजन मोजताना माझं चुकलं आहे. फरक मला सोसवत नव्हता असंही नाही. चूक कबूल करण्यापेक्षा लिंक पाठवणं सोपं वाटलं, म्हणून मी लिंक पाठवली.

करातही घोळ होताच. पॅकिंग म्हणजे काही माल नव्हे, त्यावर कसला कर, असं माझं मत होतं. वेबसाइटवरच्या कोडमध्ये आकार करपात्र आहे असं मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर तो करमुक्त धरला जातो. ॲडमिनमधून घातलेली ओळ मात्र मुळात करपात्रच असते, आणि तिला दर लागतो तो स्टोअरचा स्टँडर्ड. म्हणजे एकाच खोक्याच्या पॅकिंगवर एका वाटेने काहीच कर नाही आणि दुसऱ्या वाटेने 12 टक्के, कारण आमच्याकडे फरसाणाचा दर तेव्हा 12 होता आणि स्टँडर्ड म्हणून मी तोच ठेवला होता. नुसत्या लाडवांच्या ऑर्डरीवरही पॅकिंगला 12 टक्के लागत होते, लाडवांचा दर 5 असूनही. आमच्या सीएंनी केंद्रीय जीएसटी कायद्याचं 15 वं कलम समोर ठेवलं: विक्रेत्याने मालाबरोबर आकारलेला आनुषंगिक खर्च, पॅकिंगसकट, मालाच्या मूल्यातच धरायचा. वेबसाइटवर न घेतलेला कर आम्ही पदरचा भरला, ज्यांच्याकडून जास्त घेतला त्यांना क्रेडिट नोटा दिल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद फरसाणही 5 टक्क्यांवर आलं आणि हा गुंता बराच सुटला, पण तो सरकारने सोडवला, मी नाही.

याच सुमारास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 वाचले. एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी आणि डिलिव्हरी, हाताळणी, कर यांची फोडही द्यावी, असं त्यांत आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत 13 प्रकार दिले आहेत. त्यांतला एक 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे किंमत आधी पुरती न सांगणं. खरेदी पक्की झाल्यावर जास्त रक्कम उघड करणंही त्यातच येतं. हे मोठ्या कंपन्यांसाठी असेल असं समजून मी वाचायला घेतलं होतं. वाचताना आजोबांची ऑर्डर डोळ्यांसमोर आली. माझा हेतू तसा नव्हता, पण त्यांना जे भोगावं लागलं ते हेतूमुळे कमी होत नाही.

आता परदेशी ऑर्डर आली की आधी खोकं भरतो, मोजतो, दोन्ही वजनं गिऱ्हाइकाला कळवतो आणि मगच ऑर्डर भरतो. पैसे आल्यावर काउंटरवर काही फरक निघाला तर तो आमचा. अमेरिकेत 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी संपली. तिथल्या ऑर्डरींवर शुल्काची अंदाजे ओळ घालावी असं एकाने सुचवलं, पण मी ती घातलेली नाही. कुरिअर कंपनीकडून लेखी आकडा मिळाला तरच पार्सल घेतो, नाहीतर नम्रपणे नाही म्हणतो.

देशातल्या पार्सलांचं पॅकिंग वेगळं न लावता भावातच धरावं, हा सासूबाईंचा आग्रह. मी बराच काळ विरोध केला, कारण घरी येऊन स्वतःच्या डब्यात फराळ भरून नेणाऱ्या शेजारणींनी खोक्याचे पैसे का द्यावेत? शेवटी भावात धरलं आणि डबा घेऊन येणाऱ्यांना तेवढे पैसे कमी करायचे ठरलं. पूर्वी मी असली सूट उणे आकड्याची फी घालून द्यायचे आणि महिनाअखेरीला विक्रीचा आणि कराचा मेळ बसायचा नाही. आता त्यासाठी एक कूपन केलं आहे. मॅन्युअल ऑर्डरीतही ते लावता येतं, आणि बिलावर सूट म्हणून वेगळं दिसतं.