क्योतोस जेवावयास

प्रवासवर्णन प्रवास करून आल्यावर लिहावें असा शिष्टसंप्रदाय आहे. मी जें लिहीत आहें तें मात्र जाण्याच्या आधीं. कारण गेले चार महिने आमचें घर ह्या प्रवासाचा बेत आंखण्यांतच गुंतलें असून त्या बेताचें स्वरूप कांहींसें चमत्कारिक आहे. आम्ही उभयतां येत्या माघांत जपानांतील क्योतो नगरीस जाणार आहों, आणि तेंही मुख्यतः जेवावयास!

आमचा धाकटा मुलगा तीन वर्षें ओसाका येथें नोकरीस आहे. तेथून क्योतो आगगाडीनें अवघ्या अर्ध्या तासावर. 'एकदां या' असा त्याचा आग्रह होताच. आम्ही जातों ही वार्ता एकलहऱ्यांत पसरतांच आमच्या ओट्यावर उपदेशकांची रीघ लागली. समोर औष्णिक विद्युत्केंद्राच्या धुरांड्यांकडे पाहात एकेकानें आपलें मत सांगितलें. कोणी म्हणे लहान कुकर न्या. कोणी म्हणे भाजणी, मेतकूट आणि दशम्या घ्या. एका स्नेह्यांनीं तर असें सुचविलें कीं, एखाद्या मराठी प्रवासी कंपनीबरोबरच जावें, म्हणजे परदेशांतही वरणभात आणि पिठलें पानांत पडतें. तसें तें पडतें हें खरें, आणि ज्यांस तें हवें असतें त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. पण आमच्या कुटुंबानें हें सर्व निमूटपणें ऐकून घेतलें आणि रात्रीं मला एकच वाक्य ऐकविलें : "बेचाळीस वर्षें रांधलें, आतां तिकडे जाऊनही कुकरच लावायचा असेल, तर मी इथेंच बरी."

ह्यावर बोलण्यासारखें मजपाशीं कांहीं नव्हतें. शिधा न्यावयाचा नाहीं, जेवावयाचें तें तेथलेंच, हें ठरलें. दुसरी अट आम्हां दोघांची : मांस-मत्स्य वर्ज्य. मासे हेंच ज्यांचें मुख्य अन्न अशी आपली समजूत, त्या देशांत ह्या दोन अटी एकत्र कशा नांदाव्या? मास्तराची संवय म्हणून मी पुस्तकें व नकाशे घेऊन बसलों, आणि जसजसें वाचीत गेलों तसतशी माझी समजूत पालटत गेली.

क्योतो ही इ. स. ७९४ पासून हजारांहून अधिक वर्षें जपानची राजधानी होती. परंतु ती समुद्रकांठीं नाहीं. तिच्या तीन बाजूंस डोंगर आहेत. जुन्या काळीं ताजा मासा तेथें पोंचणें कठीण; वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावलेले मासे डोंगरवाटेनें येत. उलट जमिनीखालचें पाणी विपुल व मृदु, भाज्यांचे मळे नगराला लागून, आणि मठ-मंदिरें तर शेंकड्यांनीं. त्यामुळें तेथील पाककलेनें भाजीपाला, सोयाबीन, तीळ आणि उत्तरेकडील होक्काइदोहून जहाजांनीं येणारें 'कोंबू' नांवाचें सागरी शैवाल ह्यांवर आपली बुद्धि चालविली. सोयाच्या दुधाचें पनीर तें 'तोफू'. त्याच दुधावरची साय ती 'युबा'. दुधावरची साय धरण्यांत हयात गेलेल्या गृहिणीस हें समजावून सांगावें लागलें नाहीं.

पण येथेंच मोठा खळगा आहे, आणि शाकाहारी प्रवासी त्यांत हटकून पडतात. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नांवाचें सार. तें बहुधा कोंबू आणि 'कात्सुओबुशी' ह्या दोहोंचें करितात. कात्सुओबुशी म्हणजे धुरावर वाळवून लाकडासारखा कठीण केलेला मासा. त्याच्या, सुताराच्या रंध्याखालून निघतात तशा, पातळ ढलप्या काढून पाण्यांत घालितात व मग गाळून घेतात. पानांत मासा दिसत नाहीं, पण साराच्या थेंबाथेंबांत तो असतो. शेवया, मिसोचें कढण, शिजविलेला मुळा, तळलेल्या भाजीबरोबरची बुडवणी, ह्या सर्वांत तो असूं शकतो. वाढणाऱ्यास 'ह्यांत मासा आहे काय?' असें विचारलें तर तो प्रामाणिकपणें 'नाहीं' म्हणूं शकेल. कारण त्याच्या लेखीं सार म्हणजे मासा नव्हे. प्रश्न दाशीविषयींच विचारला पाहिजे. मुलाकडून जपानी लिपींत एक चिठ्ठी लिहवून घेतली आहे : 'कोंबूची किंवा वाळविलेल्या अळंब्यांची दाशी चालेल, कात्सुओची चालणार नाहीं.' जातांजातां सांगावयाचें म्हणजे, ह्या कोंबूच्या चवीचें कारण १९०८ सालीं इकेदा किकुनाए ह्या रसायनशास्त्रज्ञानें शोधून काढलें व तिला 'उमामि' हें नांव दिलें. तो मूळचा क्योतोचाच. आपल्या षड्रसांत ही चव कोठें बसवावी ह्याचा मी पुष्कळ विचार केला. ती बसत नाहीं.

चिठ्ठीहून भरंवशाचा आधार मठांच्या स्वयंपाकाचा. त्यास 'शोजिन' म्हणतात. हा शब्द पाहतांच मी चमकलों. कारण बौद्ध ग्रंथांतील संस्कृत 'वीर्य' ह्या शब्दाचें तें भाषांतर आहे. साधनेंतील अखंड उद्योग तें वीर्य, आणि त्या साधकाचें अन्न तें शोजिन-अन्न! त्यांत मासा नाहीं, मांस नाहीं, आणि कांदा-लसूणही नाहीं. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या घरांत हें वाचून दाखविलें तेव्हां स्वयंपाकघरांतून "मग तें आपलेंच कीं" असा अभिप्राय आला. अगदींच आपलें नसलें तरी दूरचेंही नव्हे. 'झेन' म्हणजे आपलें 'ध्यान', चीनमधून जातांजातां झिजलेलें. आणि आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा जो लेख आहे, त्यांत एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांस शेत विकत घेऊन त्याच्या उत्पन्नांतून लेण्यांतील भिक्षूंच्या अन्नाची सोय केल्याचें नमूद आहे. भिक्षूंच्या पानांत काय पडावें ही चिंता गोदाकांठीं सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींही होतीच.

ह्या वाचनांत भेटलेली एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दोगेन नांवाचा तरुण जपानी भिक्षु इ. स. १२२३ मध्यें धर्म शिकावयास चीनांत गेला. जहाज बंदरांत असतां एक वृद्ध भिक्षु जपानी अळंबीं विकत घ्यावयास आला. वय एकसष्ट, एका मठाचा आचारी. दुसऱ्या दिवशीं सण, भिक्षूंस शेवयांचें सार करून घालावयाचें, म्हणून कित्येक कोस पायीं आलेला. दोगेननें त्यास राहण्याचा आग्रह केला, तो राहीना. 'ह्या वयांत ध्यान व ग्रंथाध्ययन सोडून चुलीपाशीं कां राबतां?' असें विचारतां म्हातारा मोठ्यानें हंसला. साधना म्हणजे काय हें ह्या परदेशी पाहुण्यास अद्याप कळलें नाहीं, असें म्हणाला, आणि काळोख पडावयाच्या आंत परत चालूं लागला. पुढें १२३७ सालीं त्याच दोगेननें मठांतील आचाऱ्याच्या कर्तव्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांत ही भेट आलेली आहे.

मी एकसष्टी ओलांडून बसलेला मनुष्य. जन्मभर रघुवंश शिकविला, परंतु तांदूळ धुण्याची पाळी मजवर गेल्या वर्षीं प्रथम आली; तीही कुटुंबाच्या बोटांस संधिवातानें धरलें म्हणून. ही गोष्ट मीं घरांत वाचून दाखविली तेव्हां कुटुंबानें 'म्हातारा शहाणा होता' एवढेंच म्हटलें आणि माझ्याकडे पाहिलें.

आतां प्रत्यक्ष बेत. अर्ध्या जगाचा ओढा तेथें वसंतांतल्या फुलांसाठीं नाहींतर कार्तिकांतल्या लाल पानांसाठीं. आम्ही मुद्दाम थंडी निवडली आहे. गर्दी कमी, आणि निफाडच्या थंडीस न भिणाऱ्यांनीं क्योतोच्या थंडीस कां भ्यावें? शिवाय तेथील कित्येक उत्तम पदार्थ हिंवाळ्याचेच. भल्या मोठ्या सलगमाच्या कागदासारख्या चकत्यांचें 'सेनमाइझुके' हें लोणचें त्याच दिवसांतलें. त्यांत तेल नाहीं, तिखट नाममात्र, कोंबूचा वास मात्र असतो. 'युदोफू', म्हणजे कोंबूच्या पाण्यांत वाफाळणारें तोफू, खावें तेंही कडाक्याच्या थंडींत. १२९१ सालीं स्थापन झालेल्या नानझेन-जी मठाच्या आसपास ह्या पदार्थाचीं जुनीं उपाहारगृहें आहेत. सावधगिरी एकच : पाणी निर्दोष असलें तरी सोबतच्या बुडवणींत बहुधा तो गुप्त मासा असतो, तेथें साधा सोयारस मागून घ्यावा.

शोजिन भोजनासाठीं १३३९ सालीं स्थापन झालेला तेनर्यू-जी मठ योजिला आहे. भोजन आवारांतच, फक्त मध्यान्हीं, आणि आगाऊ कळविलें पाहिजे. ऐन वेळीं जाऊन पान मांडा म्हणतां येत नाहीं. तिळाचा व 'कुझु' नांवाच्या कंदाच्या पिठाचा थापून केलेला मऊ पदार्थ तेथें असतो. त्याची मला फार उत्सुकता आहे. एक दिवस जवळच्या उजी गांवास. तेथील मानपुकु-जी मठ १६६१ सालीं इंगेन ह्या चिनी आचार्यानें स्थापिला. त्याच्या पंथाच्या शाकाहारी जेवणांत चौघांनीं एका मेजाभोंवतीं बसून एकाच भांड्यांतून वाढून घ्यावयाचें असतें. घेवड्याच्या एका जातीस जपानांत आजही ह्या इंगेनचेंच नांव आहे. आम्ही तिघेच आहों. चौथा मुलाच्या कचेरींतला एक जपानी मित्र मिळाला आहे. उजीचा चहा प्रसिद्ध, तोही घेऊं. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमधील चहाच्या पेल्यावरून आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढींत केवढें ग्रामण्य माजलें होतें हें वाचकांस ठाऊक आहेच!

निशिकीचा बाजार सर्व मार्गदर्शक पुस्तकांत अग्रभागीं असतो. आम्ही तेथें तासभरच जाऊं. दुकानें बरीचशीं मासळीचीं, आणि चालतां चालतां खाणें तेथें अशिष्ट समजतात, हें मात्र मला फार आवडलें. अगदींच अडलों तर कोबे फार दूर नाहीं; तेथें १९८५ सालीं बांधलेलें जैन मंदिर आहे आणि गुजराथी वस्ती आहे.

राहतां राहिली माघाची गोष्ट. माघ शुद्ध चतुर्थीस आमच्या घरीं गणेशजन्म असतो. कुटुंब गुहागरकडचें, लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष न चुकतां त्यांनीं स्वहस्तें उकडीचे मोदक केले आहेत. आमच्या आईच्या देशावरच्या रीतीप्रमाणें मोदक तळणीचा. तेव्हां हा वाद घरांत पहिल्या वर्षापासून आहे आणि त्याचा निकाल कधींच लागलेला नाहीं. गेल्या वर्षीं मात्र बोटें वळेनात. कळ्या पडेनात. अकरा मोदकांवर परात पुढें सारून कुटुंब उठलें, आणि उरलेल्या उकडीचें काय केलें हें मीं विचारलें नाहीं. यंदां माघांतच प्रवासास निघण्याची घाई कोणास होती, हें मला उशिरां उमगलें.

म्हणूनच पुढील शोध लागला तेव्हां मला कोण आनंद झाला! जपानांत गणपति आहे. 'कांगितेन' म्हणजे आनंदाचा देव असें त्यास म्हणतात, आणि 'बिनायका' ह्या नांवांत आपला विनायक स्पष्ट ऐकूं येतो. मूर्ति बहुधा पडद्याआड. नैवेद्य मुळ्याचा आणि 'कांकिदान' नांवाच्या मिठाईचा. 'कांकि' म्हणजे मोद, 'दान' म्हणजे गोळा : हा मोदकच! क्योतोच्या गिओन भागांत कामेया कियोनागा हें १६१७ सालापासूनचें दुकान तो आजही करितें. आंत लाल कडधान्याचें गोड पुरण, त्यास सात सुगंधी द्रव्यांचा वास. वर पिठाची पारी, तोंडाशीं आठ कळ्या घालून मिटलेली. चीनच्या वाटेनें हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तो तेथें पोंचला.

एवढें सगळें सव्युत्पत्तिक सांगून मीं हळूच विचारलें, यंदां चतुर्थीस हाच नैवेद्य चालेल काय? विकतचा, परक्या हातचा, परदेशचा. कुटुंब बराच वेळ कांहीं बोललें नाहीं. मग विचारलें,

"उकडीचा, कीं तळलेला?"

"तळलेला. तिळाच्या तेलांत."

"म्हणजे शेवटीं तुमच्याच बाजूचा निघाला तो!" आणि थोड्या वेळानें, निवडण्याचें ताट पुढें ओढीत : "मुलाला कळवा, आधींच सांगून ठेव म्हणावें. एकवीस लागतील."