मानधन की पगार?



समाजशास्त्रात एमए झाल्यावर आम्ही सहा वर्षे मावळातल्या एका सामाजिक संस्थेत काम केले. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर फिरायचे, गरोदर बायकांची वजने नोंदवायची, लोहाच्या गोळ्या पोचल्या की नाही ते पाहायचे, अंगणवाडीकडे पाठपुरावा करायचा. गरोदर बाईला विश्रांती मिळाली पाहिजे, हे आम्ही वाड्यावाड्यांवर सांगत होतो. पाचवा महिना लागल्यावर आमच्याच गरोदरपणाची बातमी आम्ही कार्यालयात दिली. सगळ्यांनी अभिनंदन केले, पेढे वाटले. ३१ मार्चला आमचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि मे महिन्यात नवा झालाच नाही. प्रकल्पाचा निधी घटला, असे तोंडी सांगण्यात आले. बाकीच्या सहकाऱ्यांचे करार मात्र झाले.

करार १ मे ते ३१ मार्च असा असायचा. मधला एप्रिल म्हणजे ब्रेक, त्या महिन्याचे पैसे नाहीत. काम मात्र एप्रिलमध्येच सर्वात जास्त, कारण जयंतीचे कार्यक्रम. सहा वर्षे आम्ही १४ एप्रिल बिनपगारी साजरा केला. याला आम्ही त्या वेळी चळवळीचे काम म्हणत होतो.

आता बारकाई पाहा. आम्हाला कोणी काढले नाही. काढल्याचे पत्र नाही, कारण नाही, सही नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याचे कलम १२ बडतर्फीबद्दल बोलत होते आणि तिच्याविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येते. पण पत्रच नसेल तर हे ६० दिवस मोजायचे कुठल्या तारखेपासून? आजकाल गरोदर बाईला कामावरून काढावे लागत नाही, करार संपू दिला की झाले. लोणावळ्याच्या हॉटेलात, तळेगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, शाळेत, रुग्णालयात आणि आमच्यासारख्या समाजसेवेच्या संस्थांतही हीच रीत आहे.

ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ओळखली आहे. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात कंत्राटावर असलेल्या डॉक्टर कविता यादव यांचा करार जून २०१७ मध्ये, बाळंतपणाच्या रजेच्या काळातच संपत होता. करार संपेपर्यंतचे ११ दिवसच तुमचे, असे त्यांना सांगण्यात आले. १७ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केल्याची अट पूर्ण असेल, तर करार संपला तरी लाभ संपत नाही, पूर्ण २६ आठवडे मिळतात. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने मोबाइलमध्ये ठेवावा. नेत्यांचे फोटो आपण ठेवतोच.

आम्ही निकाल घेऊन संस्थेत गेलो. उत्तर मिळाले, "ताई, तुम्हाला पगार कुठे होता? तुम्हाला तर मानधन होते." शिवाय हजेरीपटावर आठच माणसे, बाकी सगळे मानधनावरचे स्वयंसेवक. कायदा लागू व्हायला दहा माणसे लागतात.

हा मानधन शब्द जरा उलटून पाहिला पाहिजे. आशाताई स्वयंसेविका, अंगणवाडीताई मानधनी, आम्ही कार्यकर्त्या. काम ठरलेले, वेळ मात्र ठरलेली नाही, आणि मोबदला द्यायचा तो उपकार म्हणून. आपल्या आजा-पणजांना हा व्यवहार चांगला माहीत होता. त्याला महारकी म्हणत. दिवसरात्र सरकारची आणि गावाची चाकरी, बदल्यात थोडी वतनी जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच व्यवहाराविरुद्ध. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच सभागृहात, ते मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आम्हाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. कामाला कामाचे मोल, आणि ते हक्काने. २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानधन हेही वेतनच आहे, असे मान्य केले. म्हणजे संस्थेचा युक्तिवाद तिथेच संपतो.

काम गेल्यावर आम्ही दुसरे शोधले. एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग सुपरवायझरची जागा होती. पावसाळा तोंडावर, भुशी धरणाची गर्दी सुरू होणार, माणसे हवीच होती. मॅनेजरने आधी पोटाकडे पाहिले, मग अर्जाकडे. "मॅडम, डिलिव्हरी झाली की या." तळेगावच्या एका खाजगी शाळेत आडनाव विचारले, मग मूळ गाव, मग "कितवा महिना?" एका कंपनीच्या समाजकार्य विभागात शिक्षण जास्त ठरले. लोकलने कामशेत, वडगाव, तळेगाव अशा चकरा आठवा महिना लागेपर्यंत केल्या. बाळ झाल्यावर प्रश्न बदलला. "बाळाला कोण सांभाळणार?" हा प्रश्न आमच्या जोडीदारांना कधी कोणी विचारलेला नाही. ते पर्यटकांची गाडी चालवतात आणि बाप झाल्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रिपवर गेले होते.

पण मालक बाईला का टाळतो, याचे उत्तर फक्त मनुवादी मानसिकतेत शोधून भागत नाही. पैशाचाही प्रश्न आहे. २०१७च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांचे २६ आठवडे झाले, ५० माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, आणि दोन्हींचा खर्च मालकावर. ज्याच्याकडे पंधरा माणसे आहेत तो बाई घेतानाच हिशेब करतो. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच यावर बोट ठेवले होते. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि बाईच्या श्रमातून मालकालाही जादा फायदा होतो म्हणून काही वाटा त्याचाही असावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढे ते मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये अडारकर अहवाल आला आणि त्यातूनच १९४८चा ईएसआय कायदा उभा राहिला. तिथे मालक आणि कामगार वर्गणी भरतात आणि बाळंतपणाचे पैसे महामंडळ देते, एकट्या मालकाच्या खिशातून जात नाहीत. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या प्रत्येक बाईने आपला ईएसआय नंबर आहे का, हे गरोदर राहण्याच्या आधीच विचारावे. "बाबासाहेबांमुळे प्रसूती रजा मिळाली" एवढी पोस्ट टाकून आपण थांबतो. पैसे कोणी द्यायचे, हा त्यांच्या भाषणातला अर्धा भाग आपण वाचतच नाही.

लोणावळ्यात बंगल्यांची झाडलोट करणाऱ्या आपल्या वस्तीतल्या बायकांना तर यातले काहीच नाही. घरेलू कामगारांसाठी २००८चा राज्याचा कायदा आणि मंडळ आहे, पण नोंदणीच्या वेळी मालकाचा कागद लागतो आणि बंगल्याचा मालक मुंबईत. बांधकामावरच्या बाईला ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. प्रत्येक दारात आधी कागद लागतो, आणि तो देणे न देणे ज्याच्या हातात असते त्याच्याविरुद्धच तो वापरायचा असतो.

आम्ही कामगार कार्यालयात तक्रार केली तेव्हा सर्वात आधी फोन आले ते आपल्याच ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे. संस्थेचे प्रमुख आपले आहेत, कार्यालयात बाबासाहेबांची तसबीर आहे, बाहेरच्यांच्या हाती कोलीत कशाला देता, आपसात मिटवा. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. संस्थेवर डाग आला तर निधी बंद होईल आणि वाड्यांवरचे काम थांबेल, ही भीती खोटी नाही, त्या वाड्यांवर आम्हीच फिरलो आहोत. पण मग वर्गणीतून तसबीर आणणाऱ्या जयंती समितीने तसबिरीखाली बसणाऱ्यांचा हजेरीपट एकदा मागायला काय हरकत आहे? हा प्रश्न विचारल्यावर दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्यांनी, देहूरोडच्या एका वडीलधाऱ्या बाबांनी, वकिलाचा नंबर दिला.

संस्थेने आता १२ आठवड्यांची रक्कम 'सहानुभूती म्हणून' देऊ केली आहे. आम्ही २६ मागितले आहेत, आणि पावतीवर 'मातृत्व लाभ' असेच लिहिले जावे असे सांगितले आहे. पुरावा म्हणून बँकेचे सहा वर्षांचे उतारे, वाडीभेटींच्या वह्या, एप्रिल महिन्यात व्हॉट्सॲपवर आलेल्या कामाच्या सूचना आणि लोकलचे पास जोडले आहेत. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. बाळाला सोबतच न्यावे लागेल, जाऊबाई चिक्कीच्या पॅकिंगला जातात आणि त्यांचा खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी जाते.