शब्दांची मजुरी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सायंकाळची जपमाळ आटोपली होती. आमच्या जरीपटक्यातील एक तरुण भेटावयास आला. मराठी घेऊन एम. ए. झालेला, शाळेतील नोकरीची वाट पाहून थकलेला. हल्ली तो संकेतस्थळांसाठी मजकूर लिहून देतो. म्हणाला, ‘‘फादर, शब्दाला वीस पैसे देतात. घेऊ का?’’

‘‘घे बाबा, रिकामे बसण्यापेक्षा बरे,’’ आम्ही सहज बोलून गेलो. मग हिशेब त्यानेच मांडला. हजार शब्दांचे दोनशे रुपये. विषय समजून घेण्यात एक दिवस, लिहिण्यात दुसरा. दुरुस्त्या दोन वेळा, त्या फुकट. येथील बाजारातला शिंपीदेखील उसवून पुन्हा शिवण्याचे पैसे वेगळे सांगतो!

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आम्ही किती प्रवचने दिली असतील! त्या धन्याने उशिरा आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा दिनार दिला. त्याच्याही घरी चूल पेटावयाची होती. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात बजावले की, गरजेपोटी मजुराने कमी वेतन पत्करले, एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. सेमिनरीत हे आम्ही गिरणीकामगारांच्या संदर्भात शिकलो. लेखणी धरणारा हातही मजुराचाच, हे मात्र ध्यानी आले नव्हते. आणि नागपूरचे आमचे कॅथेड्रल ज्यांच्या नावे उभे आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स तर लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते! १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी तशी घोषणा केली. शाब्ले प्रांतातील लोक प्रवचनास येईनात, तेव्हा ते पत्रके लिहून घरोघरी पोहोचवीत.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही स्मरणिका काढली होती. मंडपवाल्याचे, बँडवाल्यांचे, छापखान्याचे पैसे चुकते केले. इतिहास लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई तीन महिने बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या चाळीत होत्या, म्हाताऱ्या माणसांना भेटत होत्या. त्यांना शाल आणि श्रीफळ! ‘सेवा’ हा शब्द आम्ही केवढ्या सोयीने वापरला. मिस्सादान स्वीकारताना आमचा हात कधी अवघडला नव्हता. तीही सेवाच की.

रविवारी त्या तरुणास सांगितले, ‘‘शब्द मोजू नकोस, दिवस मोज. अवघड विषयाला दिवस अधिक लागतात, तेवढे सांग. शब्दांवर पैसे ठरले की लेखक पाणी घालू लागतो. दुरुस्ती एकदाच, पुढच्या दुरुस्तीचे वेगळे. अर्धी रक्कम आधी.’’ त्याप्रमाणे त्याने मागितले. एक गिऱ्हाईक तुटले. दुसऱ्याने कुरकुर करीत चौपट दिले. घरखर्च त्यातही पुरता भागत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

आम्ही स्वतःच्या मानधनातून एक पाकीट घेऊन बाईंकडे गेलो. बारा वर्षे उशीर झाला होता. त्या नको म्हणतील, अशी आमची समजूत होती. खरे सांगावयाचे तर अंधूक आशाही होती. बाईंनी चष्मा लावला, नोटा दोनदा मोजल्या आणि विचारले, ‘‘फादर, पावतीवर सही कोठे करू?’’