कोऱ्या कागदावरची सही

मागच्या रमजानमध्ये तरावीह पढून घरी आलो, तर मोठा पुतण्या ओट्यावर वाट बघत बसला होता. हातात पाचशेचा स्टॅम्पपेपर. वर त्याचे नाव, खाली दोन सह्यांची जागा आणि मधला सगळा कागद कोरा.

"चाचा, जामीन म्हणून सही पाहिजे. चाळीस हजार उचल मिळतेय. सोमवारपासून गाडीवर जायचं."

ट्रान्सपोर्टच्या मुनशीने त्याला सांगितले होते, "तुझा चाचा मास्तर आहे ना? त्याची सही आण, बाकीचं आम्ही लिहून घेतो." मूळ लायसन्सही ऑफिसात जमा करायचे होते. पगार किती, सुटी कधी, उचल कशी फिटणार, याचा एक शब्दही कागदावर नव्हता.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो आहोत की कोऱ्या कागदावर सही करू नये. पण उचल कशासाठी हवी, हे ऐकल्यावर आमची जीभ अडखळली. त्याच्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. फी भरायची होती.

याचे कारण आमच्याच घरात आहे. 2003 साली आमची बीएडची फी अशाच एका उचलीतून भरली गेली. भरणारे आमचे भाईजान. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते क्लीनर म्हणून गाडीवर गेले. उस्तादाच्या हाताखाली ताडपत्री बांधायला, टायर बदलायला आणि रात्री जागून उस्तादाशी बोलत राहायला शिकले. पुढे ड्रायव्हर झाले. कोल्हापूरचा गूळ गुजरातेत न्यायचा आणि येताना मोरबीच्या टाइल्स भरायच्या, ही त्यांची लाइन. फीचे पैसे हातात ठेवताना ते एवढेच म्हणाले होते, "तू शिक. मी आहे." त्या पैशांपायी ते तीन वर्षे एकाच मालकाकडे अडकून पडले, हे आम्हाला फार उशिरा कळले. चांगली गाडी, जास्त भत्ता मिळत होता. पण उचल फिटल्याशिवाय लायसन्स परत मिळत नव्हते. आणि उचल फिटत नव्हती, कारण दर खेपेला काहीतरी कापले जायचे. दोन पोती कमी भरली, कापा. डिझेलचे अ‍ॅव्हरेज कमी आले, कापा. एक टाइलची पेटी फुटली, कापा. हिशेबाची वही मालकाकडे, तीत काय लिहिले ते भाईजानना वाचून कोणी दाखवले नाही.

त्याच काळात अब्बांचा इंतकाल झाला. भाईजान मोरबीत होते. गाडी भरलेली, निघायच्या तयारीत. त्यांनी एसटीडी बूथवरून मालकाला फोन केला. उत्तर आले, "माल लाखांचा आहे, गाडी सोडून कुठं जातोस? माल पोचव, मग जा." जनाजा थांबवता येत नाही. आम्ही मिट्टी देऊन आलो. चौथ्या दिवशी पहाटे कब्रस्तानच्या बाहेर रस्त्याकडेला त्यांचा ट्रक उभा दिसला. भाईजान कबरीपाशी बसले होते, अंगावर तेच मळके कपडे. आमच्याकडे बघून म्हणाले, "माल पोचवला." दुसरे काही बोलले नाहीत. आजही अब्बांचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात.

म्हणून पुतण्याचा कागद आम्ही सही न करता उशाखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भाईजानना विचारले, "काय करायचं?" आम्हाला वाटले होते, ते पोराला गाडीवर जाऊच देणार नाहीत. पण ते म्हणाले, "गाडी वाईट नाही रे. गाडीनं आपलं घर चालवलं. माणसाला बांधून ठेवायची ही रीत वाईट."

मग आम्ही जरा वाचायला घेतले. ड्रायव्हरांसाठी देशात 1961 सालापासून मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुटी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी, हे सगळे त्यात लिहिलेले. भाईजानना वाचून दाखवले तर ते हसले. तीस वर्षांत त्यांनी यातले एकही कलम कुठल्या ढाब्यावर ऐकले नव्हते. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालकच फार, ते त्यातून आपोआप सुटले. मोठ्यांनी ड्रायव्हरची नोंदच ठेवली नाही. नोंद नाही म्हणजे तो कामगारच नाही!

वर घाई वेगळीच. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदत 1 जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी झाली. त्याआधी 100 किलोमीटरला एक दिवस मिळत असे. गोदामाच्या दारात गाडी दोन दोन दिवस उभी राहते, तिथे ड्रायव्हरला ना संडास, ना सावली, आणि त्या दिवसांचा भत्ताही पुष्कळदा नाही. पण गाडी सुटली की फोन सुरू, "कुठं आलास? अजून इथंच?" जानेवारी 2024 मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांच्या शिक्षेचे कलम आले म्हणून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा आपल्याला त्यांची आठवण झाली. पंप सुरू झाले, आपण विसरलो.

काही चांगलेही घडते आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. 2014 साली सुरू झालेल्या रिविगो या कंपनीने तर चार-पाच तासांनी ड्रायव्हर बदलायचा आणि पहिल्याने परतीची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी यायचे, अशी पद्धत चालवून दाखवली. कंपनी पुढे विकली गेली, पण ड्रायव्हर रात्री घरी झोपू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

रविवारी आम्ही तिघे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. आम्ही मुनशीला विचारले, "पगार लिहून द्याल? लायसन्सची झेरॉक्स ठेवून मूळ परत द्याल? नुकसान कापायचं तर पावती दाखवाल?" मुनशी हसला. "मास्तर, ही शाळा नाही." तेवढ्यात मालक आले. त्यांना आम्ही ओळखत होतो. जुम्म्याला पहिल्या सफेत असतात, मदरशाला देणगी देतात. त्यांनी चहा मागवला, अब्बांची आठवण काढली आणि म्हणाले, "धंद्यात असंच चालतं. लिहून दिलं की पोरं डोक्यावर बसतात." घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी ही शिकवण त्यांना पाठ आहे, आम्हालाही आहे. आम्ही तिथे ती बोलून दाखवली नाही. तो चहा पिऊन गप्प उठलो, याची आम्हाला आजही लाज वाटते.

सही आम्ही केली नाही. मुलीची फी आमच्या भिशीच्या नंबरातून भरली, कर्जे-हसना म्हणून. पुतण्या पंधरा दिवस आमच्याशी बोलला नाही. त्याचे म्हणणे, चाचांनी ऑफिसात जाऊन त्याची चेष्टा करून घेतली. महिन्याभराने त्याला एका गोदामाच्या गाडीवर काम लागले. पगार त्या मुनशीने सांगितला होता त्याहून कमी आहे, पण खात्यात जमा होतो आणि लायसन्स त्याच्या खिशात आहे. भाभी अजून म्हणतात, "तिकडं गेला असता तर चार पैसे जास्त आले असते." त्यांचे चुकते आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. घर त्या चालवतात.

ज्या घरांतली मुले गाडीवर आहेत किंवा जाणार आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे. मूळ लायसन्स कोणाकडे गहाण ठेवू नका. पगार खात्यातच मागा. रोख मिळाला तर तारीख आणि रक्कम घरच्या वहीत लिहा; मुलगी शाळेत जात असेल तर तिच्याकडून लिहून घ्या. गाडीचा नंबर, मालकाचे नाव आणि विम्याच्या कागदाचा फोटो घरच्या मोबाइलमध्ये ठेवा. खुदा न करो, कामावर असताना काही झाले, तर ड्रायव्हरच्या घरच्यांना भरपाईचा हक्क आहे. 1923 च्या कायद्यापासून तो चालत आला आहे. पण तो माणूस त्या गाडीवर कामाला होता आणि त्याला अमुक पगार होता, हे दाखवावे लागते. त्या वेळी तोंडी शब्द कामाला येत नाही.

आणि जे मालक हे वाचत असतील, त्यांना अर्ज आहे. ड्रायव्हरच्या घरी मयत झाली, तर दुसरा ड्रायव्हर पाठवा. माल एक दिवस उशिरा पोचेल. तेवढे नुकसान सोसा.

तो कोरा स्टॅम्पपेपर अजून आमच्या कपाटात आहे. परवा भाईजानना दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि विचारले, "माझ्या वेळी अब्बांनी अंगठा केला होता, ठाऊक आहे तुला?" आम्हाला ठाऊक नव्हते.