कानामागून आली

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनाशी ठाण मांडून बसलेल्या या बाईंना भेटा. दप्तरी नाव प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, घरात नुसतं ‘ती गाठ’. लाळग्रंथींच्या गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळते ती हीच, आणि मुक्काम बहुधा कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीत. दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं इतक्या बेताने वाढते की एखाद्या दिवशी दाढी करताना न्हावीच विचारतो, “साहेब, हे काय?”

मिरवायची हौस मात्र दांडगी. अंग धरलं की कानाची पाळी वर उचलते. समोरून पाहिलं तर दोन पाळ्या एका रेषेत दिसत नाहीत. बोटाला टणक, जरा उंचसखल लागते, पण ढकलली की सरकते. सूक्ष्मदर्शकाखाली तर नखरे विचारू नका: इथे ग्रंथीच्या पेशी, तिथे बुळबुळीत गर, मधेच कूर्चेसारखा तुकडा. लाळेच्या ग्रंथीत कूर्चेचं काय काम, असं विचारायची सोय नाही.

तिची खरी पारख शेजाऱ्याशी होते. चेहरा हलवणारी नस पॅरोटिडच्या पोटातूनच जाते आणि तिथेच तिला फांद्या फुटतात. बाई कितीही फुगल्या तरी नसेला फक्त बाजूला सारतात, इजा सहसा करत नाहीत. म्हणून तपासताना डॉक्टर सांगतात: डोळे गच्च मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, शिट्टी वाजवा. गाठ कानाखाली आणि शिट्टी कशाला, असं पेशंटला वाटतं. पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तर गाठ वाटाण्याएवढी का असेना, संशय कर्करोगाचाच. गाठ एकाएकी वाढली, हलेनाशी झाली, कातडीला चिकटली, मानेत आणखी गाठी आल्या, तरी तेच.

भाऊबंद तऱ्हेतऱ्हेचे. वॉर्थिनच्या गाठीचा जीव सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांवर. कधी दोन्ही कानांखाली बसते, पण निरुपद्रवी. मला धास्ती वाटते ती ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कर्करोगाची. तोही सावकाशच वाढतो, पण नसा धरून सरपटत जातो, बधिरपणा आणतो, आणि शस्त्रक्रियेनंतर दहा-दहा वर्षांनी फुप्फुसात उगवतो. सावकाश वाढते म्हणजे साधी, हा हिशेब त्याच्यापुढे चालत नाही.

पत्ताही विचारावा. पॅरोटिडमधल्या दहांपैकी साधारण आठ गाठी साध्या. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं, आणि जिभेखालच्या ग्रंथीत गाठ आलीच तर ती बहुधा कर्करोगाचीच.

मग गाठ नेमकी कोणती, हे कळायला बारीक सुई घालून पेशी काढतात. त्यांचा अहवाल कसा लिहावा, याची ‘मिलान’ पद्धत २०१८ साली आली. तिच्यात ‘नक्की सांगता येत नाही’ यालाही रीतसर खाना आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

आमच्या बाईंना चिडवायचं नाही, एवढं सर्जन पक्कं शिकले आहेत. तिचं वेष्टन अर्धवट असतं, त्यातून बोटांसारखे कोंब बाहेर डोकावतात. पूर्वी ती नुसती सोलून काढत. काही वर्षांनी ती परत यायची, आणि एकटी नाही, बारीक बारीक गाठींचं लटांबर घेऊन. आता भोवतीच्या निरोगी ग्रंथीसकट काढतात, नसेची एकेक फांदी सांभाळत.

आणि पंधरा-वीस वर्षं तशीच राहू दिली तर? बहुतेकदा काहीच होत नाही. पण काहींच्या बाबतीत याच साध्या गाठीतून कर्करोग उपजतो, आणि जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

तेव्हा कानाखाली गाठ लागली, तर शेकत, लेप लावत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबलात, तर तेवढी वर्षं तिला फुकट मिळतात.